शिकलेला माणूस धर्म सोडतोच असे नाही

महोदय,

शिक्षण वाढले की धर्माचा आधार सुटतो, हे सांगताना आपल्या पुरवणीतील लेखाने अमेरिकेतील ख्रिस्ती समाजाचा दाखला दिला आहे. चांगले-वाईट ठरवताना धर्माकडे पाहणारे ख्रिस्ती कमी शिकलेले असतात, असा त्याचा रोख होता. हे पटण्यासारखे नाही.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतील जनमत-पाहणी करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये ३५ हजारांहून अधिक अमेरिकनांची पाहणी केली. योग्य-अयोग्य ठरवताना सर्वात जास्त आधार कशाचा, या प्रश्नावर ३३ टक्के लोक धर्म म्हणाले, ४५ टक्के व्यवहारज्ञान. आता पंथ पाहा. मॉर्मन (एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेला पंथ) आणि जुन्या मुख्य प्रवाहातील, तुलनेने उदारमतवादी प्रोटेस्टंट, दोन्हींत पदवीधर साधारण एक तृतीयांश. पण धर्माचे नाव घेणारे मॉर्मनांत ५८ टक्के आणि त्या प्रोटेस्टंटांत जेमतेम २९! शिक्षण सारखे असताना फरक दुपटीचा पडतो, तो पंथाच्या वळणामुळे, असे मला वाटते.

याच पाहणीवरचा २०१७ चा अहवालही लेखकाने पाहायला हवा होता. सर्व अमेरिकनांत शिक्षणाबरोबर धर्माचे महत्त्व कमी होते, हे खरे. फक्त ख्रिस्ती लोक घेतले, तर मात्र दर आठवड्याला चर्चला जाणारे पदवीधरांत ५२ टक्के आणि शालेय शिक्षणावर थांबलेल्यांत ४६ टक्के. अर्थात ज्यांचा विश्वास उडाला ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नाहीत, म्हणून या मोजणीतून गळतात. तेवढी सूट द्यायलाच हवी. पण जे उरतात ते अडाणी म्हणून उरलेले नाहीत.

आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांना याचे नवल वाटत नाही. अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रचारक संस्थेचे लोक १८३१ मध्ये इथे आले. पवित्र शास्त्र ज्याचे त्याने वाचावे ही त्यांची धारणा, म्हणून उपासनेबरोबर शाळाही आल्या. याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी इथे मुलींना शिकवले. आमच्याकडे धर्म आणि अक्षरओळख एकाच दारातून आली.

आमच्या मंडळीतील एक चार्टर्ड अकाउंटंट फ्लॅट विकत होते. घेणारा निम्मी रक्कम रोखीने द्यायला तयार होता. कायद्यातल्या खाचाखोचा यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी बायबल अभ्यासाच्या वर्गात त्यांनी तो विषय काढला, 'कैसराचे ते कैसराला' (म्हणजे सरकारचे देणे सरकारला द्या) या येशूच्या वचनावर तासभर वाद घातला, आणि शेवटी पूर्ण किमतीचेच खरेदीखत केले. त्यात त्यांचा तोटा झाला. या माणसाचे शिक्षण कमी पडले असे कोण म्हणेल?

अमेरिकेचे आकडे द्यायचे तर सगळ्या लोकसंख्येचे आणि ख्रिस्ती समाजाचे वेगवेगळे द्यावेत. तशी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर