तुझ्या तीन बाटल्या

पणजी, रविवार दुपार

शैलू,

आठ महिने फोन केला नाही म्हणून शिव्या घालणार असशील, त्या आधी घालून घे आणि मग वाच. तब्येत बरी आहे, गुडघा होता तसाच.

2008 च्या डिसेंबरातल्या तुझ्या त्या तीन बाटल्या आठवतात? विषाणू गाळून काढलेल्या समुद्राच्या पाण्याच्या? मारणारेच नाहीत म्हटल्यावर सिनेकोकोकसने, उन्हावर जगणाऱ्या त्या आपल्या सूक्ष्म जिवाणूने, माजायला हवं होतं, पण तो रडतखडत वाढला. मी सगळ्यांसमोर विचारलं, "हात धुतले होतेस का गं?" त्यावरून दोन दिवस तू माझ्या डब्यातल्या सोलकढीला शिवली नाहीस. आणि मी तक्त्यातून तुझे आकडे गाळले. 'दूषित', लाल पेनाने.

गेल्या मंगळवारी माझ्या विद्यार्थ्याच्या बाटल्यांनी तंतोतंत तेच केलं. मी "हात..." एवढं म्हणाले आणि पुढे शब्दच फुटेना. पोरगं हुशार. त्याने निम्म्या बाटल्यांत जिवंत विषाणू परत घातले होते, निम्म्यांत उकळून मारलेले. दिवे घालवून सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर जिवंत विषाणूंच्या पाण्यात नारिंगी ठिपके, म्हणजे सिनेकोकोकसच, सरळ सरळ जास्त.

विषाणू सिनेकोकोकसच्या शेजाऱ्यांना, म्हणजे आयतं खाऊन जगणाऱ्या जिवाणूंना फोडतात. फुटलेल्या पेशीतला नत्र, स्फुरद, लोह पाण्यात येतो. उरलेले जिवाणू त्यावर ताव मारतात, अमोनियम बाहेर टाकतात आणि सिनेकोकोकस ते उचलतो. आपण विषाणू काढले म्हणजे त्याचं खतच तोडलं! एका मिलिलिटरात कोटभर असतात ते, आणि आपण कचरा गाळावा तसे गाळत बसलो होतो. विषाणूंनी जिवाणू फोडून त्यांचा माल पाण्यात परत आणायचा, या प्रकाराचं व्हायरल शंट हे नाव 1999 चं. परीक्षेत ती आकृतीसुद्धा आपण काढली होती (तुझे बाण वाकडे). पण आपल्याच बाटलीत तेच चाललंय हे डोक्यात आलं नाही. 2011 साली दुसऱ्यांनी सिनेकोकोकसबद्दल नेमकं हेच छापलं. मी तो निबंध परवा वाचला. परवा!

तीन बाटल्यांवर कुणी काही छापलं नसतं, हे मला कळतं. पण "पुन्हा करून बघ" एवढं तरी म्हणायला हवं होतं की नाही? तू नाशिकला गेलीस तेव्हा कारण लग्नाचं सांगितलंस, मी मान डोलावली. सोयीचं होतं मला ते. खरं सांग, त्या लाल शेऱ्याचा त्यात किती वाटा होता? "काही नाही गं" असं लिहिणार असशील तर लिहूच नकोस. आणि 'माझ्या चुका तू कधी सोडल्यास' हे जुनं भांडण आता काढू नकोस, तो वेगळा विषय आहे, आणि त्यात मी बरोबर होते.

ईशाची दहावी ना यंदा? गणिताला कोण आहे? आईंना नमस्कार.

वही माझ्याकडेच आहे. विद्यार्थ्याला दाखवायची आहे, तुझं नाव सांगून. दाखवू का? शेरा खोडलेला नाही.

तुझी,
अनघा