मनिला ‘वसवले’ कसे?

रविवारच्या पुरवणीत ‘१५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला वसवले’ असे वाचले. वसवले कसले! फिलिपिन्समधल्या पासिग नदीच्या मुखाशी राजा सुलेमानचे गाव आधीच नांदत होते. लाकडी तटबंदी, वर तोफा. १५७० मध्ये गोइती या स्पॅनिश सरदाराच्या तुकडीने हल्ला केला, गाव जळाले. पुढच्या वर्षी स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी आला आणि त्याच जागेवर २४ जून १५७१ रोजी शहर ‘स्थापन’ झाल्याचे जाहीर झाले. इंत्रामुरोसचे (मनिलाच्या जुन्या तटबंद भागाचे) दगडी तट तर त्याही नंतरचे. गंमत बघा, ‘राजा’ हा आपल्या ओळखीचा शब्द स्पॅनिश जहाजांच्या कितीतरी आधी तिथे पोचला होता. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा