पाइप मोठा केला, पण पाण्याने आत जायचे कुठून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खान्देशातल्या शहरांत एक दमदार सर आली की चौकाचौकांत तळी साचतात. मग पाइप लहान पडला असे ठरते आणि मोठ्या व्यासाच्या पाइपचे अंदाजपत्रक तयार होते. मी स्थापत्य अभियंता आहे. रस्त्यावर तळे आणि चेंबरचे झाकण उचलले तर खालचा पाइप अर्धा रिकामा, हे मी अनेकदा पाहिले आहे. पाणी पाइपपर्यंत पोहोचतच नाही.

याचे मूळ संकल्पचित्रात आहे. पावसाळी गटारांच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा असे गृहीत धरतात की कॉलनीतले सगळे पाणी थेट चेंबरमध्ये उतरते. रस्ता, कडेची पन्हळ, पाणी गटारात घेणारी जाळी यांचा हिशेबच नसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे एसडब्ल्यूएमएम हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्याच्या 2022 च्या 5.2 आवृत्तीपासून रस्त्याचा आडवा छेद, कर्बची, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या उंच काठाची, उंची आणि जाळीचा प्रकार त्यात भरता येतो. जाळीने किती पाणी घेतले आणि किती पुढच्या जाळीकडे वाहून गेले, हे ते वेगवेगळे दाखवते. जाळी किती टक्के तुंबली आहे, तेही सांगता येते. आपल्याकडे या शेवटच्या रकान्याइतका महत्त्वाचा रकाना दुसरा नाही.

रस्त्याला मधून कडेकडे 2 टक्के आडवा उतार असेल आणि कर्बपाशी 5 सेंटीमीटर पाणी असेल, तर ते अडीच मीटर रुंद पसरते. कॉन्क्रिटीकरणात उतार 1 टक्क्यावर आला, की तेवढ्याच खोलीचे पाणी 5 मीटर पसरते, म्हणजे अख्खी लेन पाण्यात. त्यात जुने डांबर न खरवडता थरावर थर चढवले जातात. कर्ब बुडतो, कर्बमधले पाणी आत घेणारे तोंड बुजते आणि जाळी खड्ड्यात जाते किंवा डांबराखाली गायब होते. पांझरा नदीकाठच्या फडातल्या, म्हणजे सामूहिक पाटपाण्यावरच्या शेतीतल्या, कुणालाही विचारा, पाट कितीही भरून वाहो, चारीचे तोंड बुजले तर वाफा कोरडाच राहतो.

सखल जागी तर जास्तच जपायला हवे. उतारावर एका जाळीतून सुटलेले पाणी पुढची जाळी घेते, खोलगट चौकात मात्र त्याला दुसरी वाट नसते. तिथे नुसती आडवी जाळी बसवली, की प्लास्टिकच्या पिशव्या आणि पालापाचोळा पहिल्याच पावसात ती बंद करतात. अशा ठिकाणी जाळीबरोबर कर्बमध्ये उभे तोंडही हवे. शेजारी थोड्या उंचीवर आणखी एकेक जाळी दिली तर उत्तमच.

केंद्र सरकारची पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची 2019 ची नियमावली आणि इंडियन रोड्स काँग्रेसची 2013 ची मार्गदर्शक तत्त्वे हाताशी आहेत. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबारसह खान्देशातल्या कोणत्याही शहरात नव्या गटाराचा प्रकल्प अहवाल मंजूर करताना प्रत्येक जाळीची जागा, तिची पातळी आणि ती निम्मी तुंबली असताना रस्त्यावर पाणी किती पसरेल, हा तक्ता सक्तीचा करावा. तो तक्ता वॉर्डनिहाय नागरिकांनाही पाहायला मिळावा. आणि रस्त्यावर नवा थर टाकण्याआधी जाळ्यांची पातळी तपासल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, खान्देश