कपड्यांना दोष नको, आधी चेनकव्हर बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलने ऑफिसला जायचे तर कपड्यांचे काय करायचे, हा प्रश्न पुण्यात पडावा याचे वाईट वाटते. याच शहरात धोतर नेसलेले मास्तर, पँटीतले कारकून आणि साडीतल्या बाई रोज सायकलवरून कामाला जात. त्यांच्या काळ्या सायकलीला पूर्ण बंद चेनकव्हर, खालपर्यंत आलेली मडगार्डे आणि कॅरिअर असे, लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला जाळी असे. आज गिअरची सायकल बहुतेक वेळा यातले काहीच न लावता विकली जाते. मग पँट चेनमध्ये फाटली की लोक म्हणतात, जीन्स सायकलला चालत नाही. पाच-सात किलोमीटरसाठी ती उत्तम चालते. आतून गादी शिवलेल्या तंग चड्डीची गरज लांब पल्ल्याला लागते.

चेन उजवीकडे असते, त्यामुळे धोका पँटीच्या उजव्या पायाच्या बॉटमला, म्हणजे खालच्या कडेला. घेर 14 इंचांच्या आसपास असेल तर कापड चेनपर्यंत पोचत नाही, 16 च्या वर गेला की बांधावेच लागते. जास्तीचे कापड घोट्याच्या बाहेरच्या बाजूला ओढून घडी घालावी, कारण चेन आतल्या बाजूला असते, आणि वर वेल्क्रोची पट्टी किंवा जुनी स्टीलची क्लिप लावावी. तरीही पँट दातांत सापडली तर हिसका देऊ नका. थांबून पायडल हाताने उलटे फिरवले की ज्या वाटेने कापड आत गेले त्याच वाटेने बाहेर येते.

पुढे एकच चेनव्हील (पायडलला जोडलेले दातेरी चाक) असलेल्या सायकलला, मागे गिअर असले तरी, अर्धे चेनकव्हर बसते. पुढे दोन-तीन चेनव्हील असतील तर चेन आडवी सरकते, त्यामुळे बंद कव्हर बसत नाही. तिथे सर्वांत मोठ्या चेनव्हीलच्या बाहेरून, त्याहून थोडी मोठी प्लास्टिकची चकती लावून घ्यावी.

काळा डाग पडतो तो नुसत्या तेलाचा नसतो, तेलात मिसळलेली धूळ आणि लोखंडाची भुकटी त्यात असते. म्हणून चेनच्या प्रत्येक रोलरवर, म्हणजे कडीतल्या छोट्या गोल नळीवर, एकच थेंब सोडावा, दहा मिनिटे मुरू द्यावा आणि वरचे तेल फडक्याने पूर्ण पुसून काढावे. तेलाचे काम आत असते, बाहेरचे फक्त धूळ धरते. डाग पडलाच तर चोळू नका, तो पसरतो. कागदाने टिपून घ्या, टाल्कम पावडर किंवा खडूची पूड पंधरा मिनिटे ठेवून झटका, मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून उलट्या बाजूने जुन्या टूथब्रशने घासा. डाग जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो पक्का बसतो.

आता खुद्द जीन्सबद्दल. तिची खरी अडचण आसनात, म्हणजे दोन्ही पाय जिथे जोडलेले असतात त्या जागी आहे. तिथे चार शिवणी एकत्र येतात, आणि कडा एकमेकींत दुमडून वर दुहेरी टीप मारलेली असल्याने चांगला जाडजूड गाठोडा तयार होतो. नेमका तोच शरीर आणि सीट यांच्यामध्ये येतो. डेनिमचे, म्हणजे जीन्सच्या कापडाचे, वजन चौरस यार्डाला औंसात मोजतात. 14 औंसांच्या कापडात हा गाठोडा अर्ध्या तासात टोचू लागतो, 9 ते 11 औंसांत फारसा जाणवत नाही. कापडात एक-दोन टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असेल तर गुडघा वर येताना मांडीवर ताण पडत नाही. ट्रायल रूममध्ये नुसते उभे राहून आरशात पाहू नका. एक गुडघा कमरेपर्यंत उचला आणि पुढे वाका. मागून कंबर खाली घसरली तर ती जीन्स सायकलवरही तशीच घसरणार. ओळखीचा शिंपी असेल तर आसनात शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घालून घ्यावा, म्हणजे चार शिवणींची गाठ एका जागी पडत नाही. लीव्हाइजने 2011 साली सायकलवरून कामाला जाणाऱ्यांसाठी वेगळी जीन्स काढली. तिच्यात उजेड परतवणारी पट्टी बॉटमच्या आतून होती, दुमडले की ती मागून दिसते. ती पट्टी आपल्याकडचा शिंपीही लावून देईल.

मांडीच्या आतल्या बाजूला जीन्स लवकर विरत असेल तर कापडाआधी सीटची उंची तपासा. सीट फार उंच असली की पाय पोचवायला कंबर डावी-उजवी हलते आणि तेवढीच जागा घासत राहते. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, एवढीच उंची बरोबर. विरलेल्या जागी पांढरे दोरे दिसू लागताच आतून पातळ कापडाचे ठिगळ लावून रफू करावा, भोक पडायची वाट पाहू नये. ठिगळ विरलेल्या भागापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठे हवे, नाहीतर त्याच्या कडेलाच पुन्हा फाटते. पाकीट आणि मोबाइल मागच्या खिशात अजिबात नकोत.

पावसाळ्यात मात्र जीन्सचा हट्ट धरू नये. भिजलेले डेनिम तासन्‌तास वाळत नाही, ओल्या कापडाने जांघेत घासून घासून कातडी सोलवटते आणि त्या ओलीत नायट्याची बुरशी वाढते. नायट्यावर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम परस्पर आणून लावले तर तो दबतो आणि पुन्हा पसरतो, त्यापेक्षा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. जून ते सप्टेंबर पॉलिस्टर मिसळलेली पातळ पँट घालावी. सीटचे रेक्झिन फाटले असेल तर वरून कोरडी दिसणारी सीट आतून पाणी धरून असते. बसले की स्पंज दाबला जातो आणि ऑफिसात पोचेपर्यंत पँटीवर ओला गोल उमटतो. त्यावर साधी प्लास्टिकची पिशवी ताणून बांधली तरी काम होते. पुढच्या मडगार्डला रबराचा फडका लावून तो रस्त्यापासून वीतभर उंचीवर ठेवावा, कारण बूट आणि बॉटम भिजवणारे पाणी पुढच्या चाकाचे असते.

ओढणीची दोन्ही टोके मागे गाठ मारून कुर्त्यात खोचावीत. लांब कुर्त्याचा मागचा भाग सीटखाली लोंबू देऊ नये, त्यावरच बसावे. पण हा उपाय तात्पुरता. मागच्या चाकाला जाळी लागली की काळजीच उरत नाही.

घामाचा बाऊ करू नये. बॅग पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधली तर शर्टाची पाठ बरीचशी कोरडी राहते. शेवटचा किलोमीटर सावकाश चालवावा. पोचल्यावर वारा थांबतो आणि घाम जास्त येतो, म्हणून लगेच शर्ट बदलू नये. दहा मिनिटे थांबावे, ओल्या पंच्याने अंग पुसावे, मग बदलावा.

सायकल विक्रेत्यांना विनंती आहे की चेनकव्हर, मडगार्ड आणि कॅरिअर बसवूनच सायकल हाती द्यावी. ज्याला नको असेल तो काढून ठेवील. आणि ऑफिसांनी पार्किंगच्या एका कोपऱ्यात पंख्याखाली एक दांडी लावून द्यावी, ओल्या पँटी वाळत घालायला.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, पुणे