बाबा, शनिवारवाड्याचं तेवढं सोपं नाही

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही ग्रुपवर बर्लिनच्या राजवाड्याचा फोटो टाकून लिहिलंत, ‘जर्मनांनी करून दाखवलं, आपण शनिवारवाड्याच्या नुसत्या भिंती राखत बसलोय.’ फोनवर हा विषय निघाला की आपले दोघांचे आवाज चढतात आणि आई वैतागते, म्हणून लिहून कळवते.

राजवाडा देखणा आहे, त्यात वाद नाही. प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या, होहेनझोलर्न राजघराण्याचा मूळ वाडा १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, तरी भिंती उभ्या होत्या. १९५० साली पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारने त्या सुरुंग लावून पाडल्या. प्रशियाच्या राजांची खूणच नको म्हणून. आताची इमारत काँक्रीटची आहे. तिला तीन बाजूंनी जुन्या फोटोंवरून नव्याने घडवलेलं दगडी कोरीव काम लावलंय. नदीकडची चौथी बाजू मुद्दाम साधी, आजच्या काळातली. तुमच्या फोटोत ती नाही. कुणाच्याच नसते.

पण बाबा, मधल्या काळात ती जागा रिकामी नव्हती. १९७६ साली तिथे ‘पॅलास्ट देर रेपुब्लिक’ म्हणजे ‘प्रजासत्ताकाचा राजवाडा’ उघडला. पूर्व जर्मनीची संसद त्यातच भरायची, पण बाकी सगळं लोकांसाठी: नाटक, रेस्टॉरंटं, डिस्को, बोलिंग. माझ्या ऑफिसातली एक बाई पूर्व बर्लिनची. तिच्या लहानपणीचे वाढदिवस तिथे आइस्क्रीम खाऊन साजरे झालेत. तब्येतीला घातक अ‍ॅस्बेस्टॉस सापडलं म्हणून १९९० साली इमारत बंद झाली. पुढे कित्येक वर्षं खर्च करून ते सगळं काढलं, इमारत साफ झाली, आणि २००६पासून तीच पाडायला घेतली! कारण एकत्र झालेल्या जर्मनीच्या संसदेने २००२ सालीच राजवाड्याच्या बाजूने कौल दिला होता. एका राजवटीने नावडता वाडा पाडला म्हणून हळहळायचं आणि तो परत आणायला दुसऱ्यांचा पाडायचा, हे मला पटत नाही. ती ऑफिसातली बाई अजून नव्या राजवाड्यात पाऊल टाकत नाही.

नव्या राजवाड्यावर सोनेरी क्रूस आणि घुमटाभोवती बायबलमधल्या ओळी: येशूच्या नावापुढे प्रत्येकाने गुडघे टेकावेत. त्याच घुमटाखाली, ‘हुम्बोल्ट फोरम’ नावाच्या संग्रहालयात, आशिया-आफ्रिकेच्या कलावस्तू मांडल्यात. यावर इथे फार वाजलं, आणि वाजायलाच हवं होतं. आताच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याची ब्राँझ शिल्पं इंग्रजांनी १८९७ साली लुटून आणली आणि त्यातली शेकडो बर्लिनने विकत घेतली. २०२२ साली त्यांची मालकी नायजेरियाला परत दिली. काही आता उसनी म्हणून इथे आहेत. पॅसिफिकमधल्या लुफ बेटाची एक मोठी होडी आहे. ती आत न्यायला भिंत उघडी ठेवली होती, नंतर बांधून टाकली. म्हणजे परत द्यायची ठरली तर भिंत फोडावी लागणार. मला तर ही होडीच सगळ्या वादाचं उत्तर वाटते.

आई, तुला आवडेल असं एक आहे: बाहेरच सांचीच्या पूर्व तोरणाची हुबेहूब प्रतिकृती उभी आहे. ती प्रतिकृती आहे हे कुणी लपवत नाही, म्हणून तिच्यावर माझा राग नाही.

आता शनिवारवाडा. तो १८२८ साली जळाला तेव्हा फोटोग्राफी आलीही नव्हती. इथल्या लोकांकडे निदान फोटो होते. आपण काय बघून बांधणार? एखाद्या मालिकेचा सेट उभा राहील आणि दहा वर्षांनी मुलं त्यालाच पेशव्यांचा वाडा म्हणतील. शिवाय इथे सुमारे ६८ कोटी युरो लागले, त्यातले बरेचसे सरकारी तिजोरीतून. तेवढ्यात आपल्या पेठांमधले पडायला आलेले किती खरे वाडे सावरता येतील, हिशोब करा. बिल्डरांनी अजून सगळे गिळलेले नाहीत.

मे महिन्यात याल तेव्हा आधी नदीकडून नेईन, मग पुढून. बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको, लिफ्ट आहे. आई, तूप आणू नकोस, इथल्या विमानतळावर काढून घेतात. गोडा मसाला मात्र आण.

तुमची,
मनू