सूचना : आडात ब्लिचिंग टाकण्याबाबत

बेळगाव, खानापूर तालुक्यांतल्या सर्व सभासदांना,

पावसानं आड-विहिरींचं पाणी चढलंय, गढूळही झालंय. कृपा करून ब्लिचिंग पावडर मुठीनं थेट आडात टाकू नका. तिच्यातला चुना विरघळत नाही, तळाशी बसतो, पाणी जड होतं आणि क्लोरीन सगळीकडे सारखं पोचत नाही.

व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × 785 केलं की लिटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी म्हणजे सुमारे 28,000 लिटर. दर 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे 70 ग्रॅम पावडर.

प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, गुठळी राहू देऊ नका. मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरानं पाण्याखाली सोडून वर-खाली चांगली हलवा. खालचा साका आडापासून लांब पुरा. रात्रीचं पाणी भरून झाल्यावरच हे करा, कारण किमान तासभर उपसा बंद हवा.

तासाभरानं क्लोरोस्कोपनं (पाण्यातलं क्लोरीन मोजायच्या साधनानं) तपासा : लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. कमी दिसलं तर गाळ, पालापाचोळा यांनीच ते खाल्लंय. पुन्हा थोडी निवळी सोडा आणि परत तपासा. माप बरोबर असूनही काहीच दिसत नसेल तर पावडर बदला. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं पोतं लवकर निकामी होतं; पावडर झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या जागी ठेवा.