‘सगळं बदला’ न म्हणणाऱ्या पोरीस

चि. ........ हिस,

काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद. नाव घालू नका असं तू बजावलंस, म्हणून जागा मोकळी सोडलीय. आभार मात्र चारचौघांतच मानणार. खानापूर तालुक्यात आमच्यासारखी घरं गल्लोगल्ली आहेत: मुलं पुण्याला, घरात दोन म्हातारी माणसं आणि भिंतीवर चार कंपन्यांचे कॅमेरे.

आमच्याकडे एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवून टीव्हीवर दाखवणारा डबा, आणि त्याचे वायरवाले कॅमेरे आधीपासून होते. मुलानं टॅपोचे दोन वायफाय कॅमेरे पाठवले. एक गोठ्यावर लावला, एक परसातल्या काजूंकडे. ते फोनवर दिसायचे, टीव्हीवर नाहीत. तुझ्या काकूला फोन उघडून बसायला सवड कुठली? भाकरी थापता थापता मान वळवली की गोठा दिसला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. दुकानांत विचारलं तर सगळीकडे एकच पाढा, हे काढा आणि सगळं एकाच कंपनीचं घ्या. एकानं तर तिथल्या तिथं कोटेशनच हातात ठेवलं. तू एनव्हीआरचं मागचं लेबल वाचलंस आणि म्हणालीस, “काढायला कशाला ओ काका? दोघांनाबी ऑनव्हिफ आहे. बोलतील की एकमेकांशी.”

जन्म बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर गेला, त्यामुळे ऑनव्हिफ मला चटकन कळलं. एम-8 चा बोल्ट कुठल्याही कारखान्यातला असो, एम-8 च्या नटात बसतो. 2008 साली अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून कॅमेऱ्यांसाठी असेच आटे ठरवायला घेतले, हे तू सांगितलंस. पण आटे जुळत असले तरी पाना फिरवावाच लागतो. अ‍ॅपचा पासवर्ड एनव्हीआरला चालेना. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कॅमेरा अकाउंट’ म्हणून वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड तयार केलास. तरी पडदा काळाच. मग पोर्टच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या कुठल्या दारावर टकटक करायची त्या नंबराच्या, रकान्यातला 80 पुसून तू 2020 घातलास आणि गोठा टीव्हीवर आला. काकू स्वयंपाकघरातून ओरडली, “अगो बाई, दावं सोडवलंय बघा तिनं!” गाय खरंच सुटली होती.

पण मी सगळ्यात ऋणी आहे तो त्यानंतरच्या कामासाठी. हेस्कॉमची लाइट जाऊन आली की वायफाय कॅमेरे टीव्हीवरून गायब व्हायचे. आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तुला सांगायला नको. राउटर परत चालू झाला की कॅमेऱ्यांना नवे आयपी नंबर, म्हणजे घरच्या नेटवर्कातले पत्ते, वाटायचा आणि एनव्हीआर बिचारा जुन्याच नंबरावर हाका मारत बसायचा. तू प्रत्येक कॅमेऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे कारखान्यातूनच आलेली त्याची ओळख, पाहून राउटरमध्ये त्याचा आयपी नंबर कायमचा बांधून टाकलास. वर माझ्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तक्ता काढून दिलास: कुठला कॅमेरा, कुठला नंबर, कुठला पोर्ट. माणसं काम करून जातात, वही कोणी लिहून देत नाही.

जे होणार नव्हतं तेही तू तोंडावर सांगितलंस. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याचं चित्र येईल, रेकॉर्डिंग होईल. पण माणूस आला की कुत्रं, ही त्याची ओळख एनव्हीआरपर्यंत पोचेलच असं नाही. बॅटरीवरची डोअरबेल तर जोडायलाच नको म्हणालीस. बॅटरी वाचवायला ती एरवी झोपलेली असते, सतत चित्र पाठवणं तिला झेपायचं नाही. विकणारा असता तर दोन्ही गोष्टी गुळमुळीत बोलून निघून गेला असता. त्याऐवजी तू मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट नावाचं, घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर टाकलंस. आता परसात हालचाल झाली की मागचा दिवा आपसूक लागतो, इंटरनेट बंद असलं तरी लागतो. सगळं घरातल्या घरात चालतं, हे मला फार आवडलं.

फोनवर दिसावं म्हणून राउटरचा पोर्ट कोणीतरी बाहेरच्या इंटरनेटसाठी उघडा ठेवला होता, तो बंद केलास आणि ‘अ‍ॅडमिन’चा जुना पासवर्डही बदललास. 2016 साली मिराय नावाच्या व्हायरसनं असल्याच पासवर्डांवर जगभरचे कॅमेरे ताब्यात घेतले होते, हे ऐकल्यापासून काकू मला नवा पासवर्ड मोठ्यानं म्हणू देत नाही.

पैशांचं विचारलं तर केबलचे तेवढे घेतलेस. त्यावर मी वाद घालणार नाही, पण काजू सोलून ठेवलेत, ते तुला न्यावेच लागतील. डोअरबेल वायरवाली घ्यायची का, ते आलीस की ठरवू. आणि शेजारच्या नानांनी नवा कॅमेरा आणलाय. खोक्यावर ऑनव्हिफ लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. येशील तेव्हा जरा बघ.

तुझा,
काका
खानापूर